तीस टक्के जास्त, पण कोणापेक्षा?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रायगड पुरवणीत जनुकसंपादित भाताची बातमी वाचली. मथळा होता, खाऱ्या जमिनीत तीस टक्के जादा पीक. खाली हिरव्यागार शेताचा फोटो. (ते शेत खारातलं, म्हणजे समुद्राचं पाणी बांधाने अडवून केलेल्या खाऱ्या जमिनीतलं, नाही. बांधावर आंबा दिसतोय. आमच्या बांधावर आंबा जगला असता तर नव्या वाणाची गरजच पडली नसती. असो.)

त्या बातमीनंतर गावात दोन बोलवा उठल्या. बियाण्याच्या दुकानात ऐकू आलं, "समुद्राच्या पाण्यावर येणारा भात निघालाय, आता बांध फुटला तरी चिंता नाही." दुसरी बोलवा आमच्याच ओटीवर आली. माझा पुतण्या म्हणाला, "आत्या, हे बीटी कापसासारखंच ना? मग खायचं कसं?" मी खारेपाटात राहते, अलिबाग तालुक्यात. कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि घरची खारातली भातशेती अजून सुटलेली नाही. तेव्हा दोन्ही बाजूंनी बोलायचा थोडा हक्क आहे असं समजून हे पत्र लिहिते. लांबलं तर कात्री लावा, पण मधला भाग तेवढा ठेवा.

आधी पुतण्याला दिलेलं उत्तर. ४ मे २०२५ रोजी केंद्रीय कृषिमंत्र्यांनी दिल्लीत दोन वाण जाहीर केले. एक हैदराबादच्या भारतीय भात संशोधन संस्थेचा 'डीआरआर धान १००', म्हणजेच 'कमला'. तो सांबा मसुरीपासून केलेला. दुसरा दिल्लीच्या पुसा संस्थेचा 'पुसा डीएसटी राइस १', हा एमटीयू १०१० पासून केलेला. आपल्या मथळ्यातला भात तो हाच. आपल्याकडे भंडारा-गोंदियाच्या बाजूला याच १०१० ला नुसतं 'एक हजार दहा' म्हणतात. बीटी कापसात मातीतल्या एका जिवाणूचं जनुक आणून घातलेलं असतं. या दोन्ही भातांत बाहेरचं जनुक ठेवलेलं नाही. भाताच्याच एका जनुकातली डीएनएची काही अक्षरं कापली आहेत. कापणारी कात्री, म्हणजे क्रिस्पर, आधी रोपात घालावी लागते हे खरं. पण काम झाल्यावर पुढच्या पिढ्यांत ज्या रोपांत कात्री उतरलीच नाही ती निवडून ठेवतात. मेंडेलच्या वाटाण्यांवर बारावीला जे शिकवतो तेच गणित इथे उपयोगी पडतं. म्हणूनच पर्यावरण मंत्रालयाने ३० मार्च २०२२ च्या आदेशाने अशा वाणांना जीएम पिकांच्या नियमावलीतल्या बऱ्याच कलमांतून सूट दिली. ती सूट जरा जास्तच मोकळी आहे, असं माझं मत आहे. पण 'हे बीटीच' असं म्हणणं चुकीचं आहे.

दिल्लीच्या वाणात नेमकं काय कापलं? भाताच्या जनुकसंचात साधारण ३९ कोटी अक्षरं आहेत. त्यांतली ३६६. ती ज्या जनुकातून काढली त्याचं नाव डीएसटी. शांघायच्या लिन होंगशुआन यांच्या प्रयोगशाळेने २००९ मध्ये ते शोधून काढलं. हे जनुक स्वतः मीठ अडवत नाही, पाणी साठवत नाही. त्याचं काम मुकादमाचं. ते इतर जनुकांना कामाला लावतं. आणि गंमत अशी की हा मुकादम रोपाला दुष्काळात वाचवणारा नसून त्याच्या आड येणारा आहे. म्हणून तो बंद पाडला की रोप चिवट होतं. वर्गात हे सांगितलं की मुलं हमखास विचारायची, मग निसर्गाने असलं जनुक ठेवलंच का? प्रश्न बिनतोड आहे. बातमीत तो नव्हता.

त्याचं उत्तर पानात आहे. अकरावीच्या प्रात्यक्षिकाला आम्ही पानावर पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ हात द्यायचो. वाळलं की त्यावर सेलोटेप दाबायची, अलगद सोलायची आणि काचपट्टीवर चिकटवायची. जास्वंदीच्या पानाचा ठसा पहिल्या खेपेला येतो. भाताचं पान छळतं. त्यावर सिलिका असते, मेण असतं, ठसा फाटतो. (भात कापणाऱ्या बायकांच्या बोटांना त्या सिलिकेची ओळख माझ्यापेक्षा जास्त आहे.) पण एकदा ठसा जमला की सूक्ष्मदर्शकाखाली शिरांना धरून पर्णरंध्रांच्या सरळ ओळी दिसतात. प्रत्येक रंध्राला डंबेलच्या आकाराच्या दोन रक्षक पेशी, मध्ये बारीक फट. पर्णरंध्र म्हणजे पानाची उघाडीच म्हणा, आमच्या बांधात पाणी सोडायला झडपेचं दार असतं तशी. उघडली की हवेतला कार्बन डायऑक्साइड आत येतो, त्यावर रोप अन्न बनवतं. पण त्याच फटीतून पाणी वाफ होऊन जातं. वरून पाणी गेलं की खालून मुळं पाणी ओढतात, आणि खाऱ्या जमिनीत त्या पाण्याबरोबर मीठही वर चढतं.

डीएसटी चालू असताना रक्षक पेशींतला हायड्रोजन पेरॉक्साइड साफ करणारी जनुकं जागी राहतात. पेरॉक्साइड कमी, म्हणून रंध्रं उघडी. डीएसटी बंद पाडलं की पेरॉक्साइड साचतो आणि रंध्रं मिटतात. शिवाय पान तयार होतानाच रंध्रं कमी पडतात आणि पान थोडं रुंद होतं. १०१० वर पुसाच्या शास्त्रज्ञांनी केलेलं काम २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात हेच दिसलं: रुंद पान, कमी रंध्रं, पाण्याची बचत. म्हणजे ताण सोसायची ताकद ही ताण आल्यावर काढायची औषधाची बाटली नव्हे. पान घडतानाच ती त्यात घडते. अवयव कसा वाढतो आणि संकटात रोप कसं वागतं, हे आपण पुस्तकात दोन वेगळ्या धड्यांत शिकवतो. रोपाला ते धडे वेगळे माहीत नसतात.

आता वर म्हटलेला मधला भाग. ताण सोसणारं जनुक वेगळं आणि उत्पादन वाढवणारं वेगळं, असं बातमीत गृहीत धरलेलं होतं. जाहीर झालेले दोन वाण म्हणजे जणू दोन स्वतंत्र शोध. प्रत्यक्षात ते एकाच साखळीचे दोन दुवे आहेत.

लोंबीत किती दाणे येणार हे भात पोटरीत येण्याआधीच ठरतं. खोडाच्या टोकाशी, डोळ्याला दिसणार नाही एवढ्या जागेत, पेशी विभागत असतात. विभागत राहा असं सांगणाऱ्या संजीवकाचं, म्हणजे हार्मोनचं, नाव सायटोकायनिन. ते मोडून टाकणारं एक विकर (एन्झाइम) आहे, त्याचं जनुक सीकेएक्स २. हे विकर लुळं पडलं की सायटोकायनिन टिकतं, लोंबीला जास्त फाटे फुटतात, जास्त फुलोरे बसतात. जपानी शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये हे दाखवलं. त्यांच्याकडे हबाताकी नावाचा भरगच्च लोंबीचा वाण होता आणि कोशिहिकारी हा चवीला नावाजलेला. दोघांच्या संकरातून शोधत गेले तर हबाताकीत हेच जनुक आधीपासून दुबळं निघालं. म्हणजे जे आज कात्रीने करतो ते तिथे आपोआप झालेलं होतं आणि शेतकऱ्यांनी, पैदासकारांनी ते नकळत जपलं होतं. हैदराबादच्या 'कमला'त सांबा मसुरीचं हेच जनुक कापलं आहे. दावा असा की मूळ वाणापेक्षा १९ टक्के जास्त पीक आणि सुमारे २० दिवस आधी कापणी.

आणि सीकेएक्स २ ला कामाला लावतो कोण? तोच मुकादम, डीएसटी. चीनमधल्याच दुसऱ्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये हे सिद्ध केलं. म्हणजे दिल्लीने साखळीचा वरचा दुवा कापला, हैदराबादने खालचा. वरचा कापला की पानातली रंध्रं आणि लोंबीतले फाटे, दोन्हींवर परिणाम व्हायचा. आता सांगा, याला 'खाऱ्या जमिनीचं जनुक' म्हणायचं की 'लोंबीचं'? मला तर दोन्ही नावं अपुरी वाटतात. ज्या जनुकाचे हात इतक्या ठिकाणी पोचतात ते बंद केल्यावर आणखी कुठे काय हललं, हे शेतात दोन-चार हंगाम पाहिल्याशिवाय कळत नाही. फाटे जास्त फुटले तरी दाणा भरायला पानांनी तेवढं अन्न पुरवावं लागतं, आणि रंध्रं कमी झाली की कार्बन डायऑक्साइडची वाट अरुंद होते. दोन्हीचा मेळ बसला तर सोनं, नाहीतर लोंबी मोठी आणि दाणे पोचट. मेळ बसणारच नाही असं मी म्हणत नाही. तो आमच्या हवेत बसतो का, हे आमच्या हवेतच पाहावं लागेल. जुलैत इथे हवेत इतकी वाफ असते की पानातून पाणी तसंही कमी उडतं. तिथे कमी रंध्रांचा फायदा किती, हा मला पडलेला खरा प्रश्न आहे.

आता मथळ्यातले तीस टक्के. अधिकृत आकडे असे: आतल्या भागातल्या खारवट जमिनीत ९.६६ टक्के, चोपण (अल्कधर्मी) जमिनीत १४.६६ आणि किनाऱ्यावरच्या खाऱ्या जमिनीत ३०.३६ टक्के वाढ. ही वाढ कोणापेक्षा? १०१० पेक्षा. अहो, पण आमच्या बांधाच्या आत १०१० लावतं कोण? ते गोड्या जमिनीचं भात. कुस्तीत न उतरलेल्याला चीत केल्याची ही बातमी झाली. शास्त्रज्ञांचा यात दोष नाही, मूळ वाण आणि संपादित वाण शेजारी लावून पाहणं ही योग्यच पद्धत आहे, त्यातून त्या ३६६ अक्षरांचा परिणाम कळतो. पण शेतकऱ्याचा प्रश्न वेगळा असतो. आज जे लावतोय त्यापेक्षा हे बरं का?

आज आम्ही काय लावतो? पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने काढलेले पनवेल १, २, ३ आहेत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं हे केंद्र. त्याआधीपासूनचा राता आहे, काळा राता, भुरा राता. गोव्यात खाजणात, म्हणजे तिथल्या खारात, कोरगुट आहे. राता उंच वाढतो, लोळतो, तांदूळ तांबडा, व्यापारी नाक मुरडतो. पण खारात उभा राहतो, हे सगळ्यांना माहीत आहे. तुलना यांच्याशी करा आणि मग टक्के छापा.

दुसरी गोष्ट वेळेची. खारात भातावर संकट दोनदा येतं. जूनमध्ये पहिल्या दमदार पावसाने मीठ धुवून निघायच्या आत रोप कोवळं असतं. आम्ही कित्येक ठिकाणी लावणी न करता रहू करतो, म्हणजे मोड आलेलं भात चिखलात फेकतो. त्या वेळी पाऊस थांबला तर कोंब जळतात. दुसऱ्यांदा भात निसवताना, म्हणजे लोंबी बाहेर पडताना. ऑगस्टअखेर, सप्टेंबरात उघडीप पडली की जमिनीखालचं मीठ वर येतं. खाचरातला चिखल आधी चकाकतो, मग भेगाळतो, भेगांच्या कडेला पांढरी रेघ धरते. तीन-चार दिवसांत पानांची टोकं वाळून सुरळी होतात. लोंबी बाहेर पडते ती वरच्या टोकाला पांढरीफटक, हातात धरली तर नुसती फोलं. भात मिठाला सर्वांत हळवं असतं ते या दोन वेळी, मधल्या काळात फुटवे फुटताना बरंच सोसतं. २०२० च्या त्या शोधनिबंधात मीठ सोसण्याची चांगली ताकद दिसली ती रोपावस्थेत. निसवतानाचं काय, हे किनाऱ्यावरच्या चाचण्यांच्या तपशिलातून कळायला हवं. कुठल्या गावात, कुठल्या महिन्यात, जमिनीची विद्युतवाहकता, म्हणजे खारेपणाचं माप, किती असताना? भाताला साधारण मीटरला ३ डेसीसीमेन्सच्या पुढे त्रास सुरू होतो. चाचणी ४ वर झाली की ८ वर, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. नुसत्या टक्क्यांवरून काही कळत नाही. या आकड्यांवरच काही संघटनांनी २०२५ च्या उत्तरार्धात आक्षेप घेतले आणि भारतीय कृषी संशोधन परिषदेने ते फेटाळले. मी कोणाच्या बाजूने निवाडा देत नाही. ठिकाणवार तक्ते सर्वांना दिसतील असे लावले तर वाद निम्म्याने कमी होईल, एवढंच म्हणते.

मीठ सोसायचा हा एकच मार्ग आहे असंही समजू नये. बंगालच्या किनाऱ्यावर नोना बोकरा नावाचं जुनं भात आहे. त्यातलं एक जनुक डीएसटी शोधणाऱ्या शांघायच्याच प्रयोगशाळेने २००५ मध्ये शोधलं. मुळांतून वर चढणाऱ्या रसातलं सोडियम वाटेतच बाजूला काढून घेणारं प्रथिन ते जनुक बनवतं, म्हणून पानापर्यंत मीठ कमी पोचतं. डीएसटीची युक्ती पाणीच कमी ओढायची, याची युक्ती पाणी ओढून मीठ गाळायची. केरळच्या पोक्कळी भातातही गुणसूत्रावरच्या त्याच जागेवर मोठी ताकद सापडली आहे. आपल्याच किनाऱ्यावरच्या भातांतलं जनुक शांघायला सापडावं याचं मला वाईट वाटत नाही, विज्ञान असंच चालतं. राग येतो तो याचा की आपल्या रात्यात नेमकं काय आहे हे आपल्या मुलांना आपण सांगू शकत नाही. बियाणं मात्र दरवर्षी एकेका घरातून नाहीसं होतंय.

आणि खाराला मीठच तेवढं छळत नाही. उधाणाच्या भरतीला उघाडीची झडप मिटते, त्यात वरून पाऊस कोसळत असला की पाणी निघायला वाट नसते, भात आठ-आठ दिवस बुडून राहतं. बुडालेल्या भाताची गोष्ट तर याहून चमत्कारिक आहे. ओडिशातल्या एका जुन्या वाणात सब १ ए नावाचं जनुक सापडलं. ते रोपाला वाढू नको असं सांगतं. बाकीची भातं पाण्याबाहेर डोकं काढायला उंच होण्यात साठवलेली सगळी शक्ती उधळतात आणि पाणी ओसरलं की कोसळतात. सब १ वालं भात गप्प बसतं आणि नंतर पुन्हा फुटतं. स्वर्णा-सब १ हा वाण त्यातूनच साध्या संकराने झाला, कात्रीविना, आणि २००९ मध्ये आपल्याकडे आला. खारासाठी मीठ सोसणारं आणि बुडणं सोसणारं असं दोन्ही एकत्र हवं. त्याबद्दल बातमीत अवाक्षर नाही.

बांधाबद्दल दुकानात जे बोललं जातंय ते मात्र तातडीने खोडून काढा. समुद्राचं पाणी थेट आत आलं तर जगातलं कुठलंही जनुक भात वाचवणार नाही. समुद्राच्या पाण्याची विद्युतवाहकता ५० च्या आसपास असते, ३ कुठे आणि ५० कुठे! आमच्या शिवाराच्या बांधाला पडलेली खांड बुजवायला आम्ही अर्ज केले, गोळा झाली ती संबंधित कार्यालयाची नुसती उत्तरं. नव्या वाणाचं निमित्त करून उद्या कोणी म्हणायला नको की आता बांधावर खर्च कशाला.

पेटंटचंही एकदा विचारून घ्या. क्रिस्परच्या कात्रीचे हक्क परदेशातल्या संस्थांकडे आणि कंपन्यांकडे आहेत. संशोधनासाठी वापरणं निराळं आणि बियाणं विकणं निराळं. आम्ही भात घरात राखून पुढच्या वर्षी पेरतो, शेजाऱ्याला पायलीभर देतो. त्याला आडकाठी असणार का, हे आपल्या वार्ताहरांनी छापील शब्दांत मिळवावं.

शिफारशीच्या यादीत महाराष्ट्राचं नाव आहे. तेव्हा माझी मागणी साधी आहे. पुसा डीएसटी राइस १, पनवेल ३ आणि राता, तिन्ही शेजारी-शेजारी, पनवेलच्या केंद्रात आणि खारेपाटातल्या शेतकऱ्यांच्या शेतांत, रहू आणि लावणी दोन्ही पद्धतींनी. जून आणि सप्टेंबरात जमिनीची विद्युतवाहकता मोजून ती निकालाबरोबर जाहीर करावी. फुटवे, लोंबीतले भरलेले आणि पोचट दाणे वेगवेगळे मोजावेत. मोजायला माणसं कमी पडली तर निवृत्त शिक्षकांना सुपारीचं खांडही नको, नुसता निरोप द्यावा. आमचं बांधालगतचं एक खाचर मी यासाठी द्यायला तयार आहे. भावाची संमती घेतली आहे. त्याची अट एकच, रात्याचं बियाणं आमच्या कणगीतलंच वापरायचं.

आपली नम्र,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका
खारेपाट, ता. अलिबाग, जि. रायगड